भट्टीकाकांचा रांजण

माती दातानं पारखणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तोही अमेरिकेत. आमच्या कराडकडचे कुंभार माती चिमटीत घेऊन चोळतात, फार तर नाकाशी नेतात. हे गृहस्थ आपले रस्त्याच्या कडेला गाडी थांबवायचे, कुणी पाया खणला असेल तिथली चिमूटभर माती उचलायची, पुढच्या दातांखाली धरायची, डोळे मिटायचे आणि शेजारी जो कुणी असेल त्याला म्हणायचं, "घ्या, बघा कचकच लागते का." मी एकदा घेतली. साठी ओलांडलेली, स्वेटरवर साडी नेसलेली बाई भर रस्त्यात माती खाते आहे हे बघून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांतल्या लोकांना काय वाटलं असेल ते त्यांचं त्यांना ठाऊक. पण कचकच लागली नाही. लोण्यासारखी होती. मी तसं सांगितलं तर एवढे खूश झाले, जणू मी त्यांच्या नातवाचं कौतुक केलंय.

पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावातली सगळी मराठी मंडळी त्यांना भट्टीकाका म्हणायची. मी त्यांच्याहून आठ-दहा वर्षांनी धाकटी, म्हणून मी भाऊ म्हणायचे आणि ते मला ताई. खरं नाव इथं लिहीत नाही, कारण त्यांना ते आवडलं नसतं. भांड्याच्या बुडाशी सही करणाऱ्यांना ते हसायचे. म्हणायचे, आठशे वर्षांपूर्वीच्या जपानी कुंभारानं कुठं सही केली होती? गावाची माती हीच त्याची सही. गेल्या महिन्यात ते गेले. त्यांच्या लेकीचा फोन आला, तेव्हापासून रोज काही ना काही आठवतंय, आणि जसं आठवतंय तसंच लिहितेय. मागचं पुढं झालं तर सांभाळून घ्या.

मी पहिल्यांदा अमेरिकेला गेले ते दोन हजार तीन साली. मुलगा तिथल्या युनिव्हर्सिटीत संशोधन करायचा, सून एका लॅबमध्ये. दोघं गुणाची, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण सकाळी आठला ती बाहेर पडली की संध्याकाळी सहापर्यंत घरात मी आणि फ्रिजचा आवाज. कणीक भिजवायला जावं तर सून म्हणायची, "आई, तुम्ही आराम करा, रेडीमेड आणल्यात पोळ्या." आता आराम म्हणजे काय, तो कामानंतरचा असतो. कामच नाही तर आराम कशाचा करायचा? जन्मभर मला कुणी ना कुणी काम सांगत आलं होतं. तिथं पहिल्यांदा कुणाला माझी गरज नव्हती.

अशात जूनमध्ये कुणाच्या तरी घरी मराठी मंडळींचं पॉटलक होतं, म्हणजे ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा. श्रीखंड एका मोठ्या तपकिरी वाडग्यात आलं होतं. मी आपली सवयीनं वाडग्यावर बोटाचं पेर वाजवलं. बाजारात माठ घेताना आपण वाजवतो, तसं. आणि बोलून गेले, "याला कुठंतरी बारीक चीर आहे." सूनबाई लाजली, माझ्या कोपराला हात लावून खुणावायला लागली. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक उंच, वाळकेसे गृहस्थ उठले. कानटोपी घातलेली, जूनमध्ये. म्हणाले, "दोन वर्षं मी केलेला हा वाडगा या गावात फिरतोय. डॉक्टर, प्रोफेसर, इंजिनियर, सगळ्यांनी यातून खाल्लं. चीर कुणाला ऐकू आली नाही." मग मला विचारलं, "उद्या सकाळी काय करता?"

मी म्हटलं, "आराम."

"तो परवा करा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता त्यांची जुनी पिकअप दाराशी येऊन हॉर्न वाजवत होती, आणि मग ते पाच महिने तसंच चाललं.

हे मूळचे नागपूरकडचे. चोविसाव्या वर्षी त्यांच्या कारखान्यानं त्यांना जपानला पाठवलं होतं, सांडपाण्याचे मातीचे नळ कसे करतात ते शिकायला. गावाचं नाव तोकोनामे. सहा महिने नळ शिकले. रविवारी सुट्टी, करायला काही नाही, म्हणून हे त्या गावच्या टेकड्या चढत बसायचे. तिथं रस्त्याकडेच्या भिंतीसुद्धा जुन्या नळांच्या आणि बाद झालेल्या रांजणांच्या रचलेल्या. एका रविवारी बांबूच्या झाडीत त्यांना एक ढासळलेली भट्टी दिसली. बुजत आलेलं भुयारच म्हणा ना. तिथल्या ढिगाऱ्यात त्यांना एक खापरी सापडली. तळहाताएवढी, लालसर काळी, आणि तिच्यावर हिरव्या काचेचा एक ओघळ, अर्ध्यावर थांबलेला.

ती खापरी चाळीस वर्षांच्या वर त्यांच्या खिशात होती. किल्ल्या, खोकल्याच्या गोळ्या आणि खापरी. ज्याला त्याला दाखवायचे. एकदा म्हणे महामार्गावर फार हळू चालवतात म्हणून पोलिसानं थांबवलं. मागे ओल्या मडक्यांची फळी होती, त्यामुळं हे तीसच्या वर जायला तयार नव्हते. पोलिसानं कागद मागितले तर यांनी आधी खापरी काढली. पोलीस वीस मिनिटं राखेबद्दल ऐकत उभा राहिला आणि दंड न करता गेला. मी हे खरं मानत नव्हते, पण पुढं तोच पोलीस लाकडं फोडायला आलेला मी स्वतः पाहिला.

राखेचं काय, तेही सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. या जुन्या जपानी भट्टीला अनागामा म्हणतात. डोंगराच्या उतारात आडवं खणलेलं एकच लांब बीळ, तोंड खाली, धुराडं वर. कोरियातून आलेल्या कारागिरांनी फार फार पूर्वी ती तिकडं नेली. आपल्याकडं कुंभाराचा आवा एका रात्रीत भाजून होतो. ही दिवसच्या दिवस पेटवायची. लाकडाची राख जाळाबरोबर उडते, भांड्यांच्या खांद्यावर बसते, आणि जाळ खूप तापला तर ती राखच वितळते आणि काचेसारखी ओघळते. कुणी रंग लावत नाही, झिलई देत नाही. जाळ जिकडून जातो तिकडं तो स्वतःच रंगवत जातो. आणि जाळ कमी पडला तर राख नुसती बसून राहते, कोरडी.

नागपूरहून हे पुढं अमेरिकेत आले, पेनसिल्व्हेनियात भट्टीच्या विटा करणाऱ्या कारखान्यात तीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर घरामागच्या टेकडीत, कारखान्यानं टाकून दिलेल्या विटांनी, दोन वर्षं खपून तशीच भट्टी बांधली. बायको होती तोवर ती म्हणायची, लोक निवृत्तीला काशीला जातात, आमचे हे बिळात गेले.

माती मळताना ते सहा गावांची नावं घ्यायचे. सेतो, तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा, बिझेन. परवचा म्हटल्यासारखी, एका ठेक्यात. मला म्हणायचे, ताई, आपल्याकडं गाण्याची घराणी तशी ही मातीची घराणी. बिझेनची माती भाताच्या खाचराखालची, चिकट, हट्टी, कुणाची झिलई अंगाला लावून घेत नाही. शिगाराकीची खडबडीत, भाजली की अंगावर साबुदाण्यासारखे पांढरे दाणे फुटतात. तोकोनामेची लोखंडाची, लाल, तिचे थोरले रांजण जहाजांतून गावोगाव जायचे. आणि प्रत्येक गावाला वाटायचं आपलीच माती माती. मी म्हटलं, यात नवल काय, आमच्याकडं प्रत्येक गावाला आपलंच वांगं वांगं वाटतं. ते इतके हसले की चाकावरचं भांडं बसलं.

भांडं ते कधी विकायचे नाहीत. द्यायचे. पण दिल्यावर सहा महिन्यांनी तुमच्याकडं चहाला यायचे आणि नजर फिरवायचे. तिथल्या एका बड्या सर्जनच्या घरी यांचा वाडगा शोकेसमध्ये, आत दिवा सोडून ठेवला होता. यांनी चहा प्यायला, चिवडा खाल्ला, उठले, शोकेस उघडली, वाडगा काखेत मारला आणि निघाले. सर्जनीणबाई दारापर्यंत मागं. "काका, अहो ते आम्हाला दिलंय तुम्ही."

"वापरायला दिलं होतं," हे म्हणाले. "दर्शनाला नाही."

आणखी एकदा तिथल्या मराठी मंडळानं त्यांना मातीचा गणपती करायला सांगितला. मूर्ती अशी सुबक झाली की कमिटीला वाटलं, ही भाजूनच द्या, म्हणजे दरवर्षी तीच बसवता येईल, भारतातून मागवायची कटकट नको. यांनी चक्क नकार दिला. म्हणाले, भाजलेली माती पुन्हा माती होत नाही, देवाला परत जायचा रस्ता ठेवा. कमिटी रुसली. शेवटी विसर्जन यांच्या घरामागच्या ओढ्यात झालं, आणि हे दुसऱ्या दिवशी त्याच ओढ्याकाठी जाऊन बसले. का, ते विचारलं नाही मी. कुणाला तरी पोचवून आल्यावर माणूस बसतं तसे बसले होते.

एवढं सगळं असून ते स्वतःच्या कामावर समाधानी नव्हते. त्यांना एकच गोष्ट करायची होती. रांजण. कमरेएवढा, तोकोनामेच्या तऱ्हेचा, आणि त्याच्या खांद्यावरून हिरवी राख ओघळलेली, त्या खापरीवर होती तशी. बारा वर्षांत आठ वेळा भट्टी लावली, आठही वेळा रांजण ठेवला. एकदा तडकला, एकदा कलला, एकदा शेजारच्या भांड्याला चिकटून बसला. आणि त्या वर्षी नववी भट्टी, आणि ती शेवटची. कारण मागच्या हिवाळ्यात ते बर्फावर पडले होते, खुब्यात स्टीलची पट्टी घातली होती, आणि देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, फ्रीमाँटला राहणाऱ्या लेकीनं निक्षून सांगितलं होतं, बाबा, आता एकटं राहायचं नाही. घर विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक मिळालं होतं. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी टेकडी सोडायची होती.

तो रांजण आम्ही दोघांनी मिळून केला असं म्हटलं तर देव मला क्षमा करो, पण वळ्या मी वळून दिल्या होत्या. एकावर एक वळी ठेवून तो वाढवायचा, रोज चार बोटं, जास्त नाही. गळ्यापर्यंत आला तेव्हा ते म्हणाले, "ताई, काठाला काहीतरी तुमचं करा." मला काय येतं? मी करंजीला घालते तशी मुरड घातली. गोल फिरत, चिमटीनं दुमडत. त्यांनी लांब जाऊन पाहिली, जवळ येऊन पाहिली. म्हणाले, जपानमध्ये कुणी केली नसेल.

ऑक्टोबरच्या शेवटी भट्टी लागली. धुराचं कारण, म्हणून गावच्या अग्निशामक प्रमुखाकडून परवानगी घ्यावी लागायची. गुरुवार सकाळ ते रविवार दिवेलागण, त्यापुढं एक मिनिट नाही. जपानात भट्टीच्या तोंडाशी मीठ आणि तांदळाची दारू ठेवतात म्हणे. दारूला मी नाही म्हटलं, मीठ आणि गूळ-खोबरं ठेवलं. माझा मुलगा आणि त्याचे तीन मित्र पाळ्या लावून रात्रीचे जागले. भाऊ मात्र गुरुवारपासून रविवारपर्यंत झोपलेच नाहीत. भिंतीतल्या भोकातून आत बघत राहायचे. आत मातीचे तीन छोटे सुळके ठेवलेले असतात. ठरावीक आच लागली की एकेक सुळका मान टाकतो. तिसरा वाकला म्हणजे राख वितळली. रविवारी सकाळी दोन वाकले होते.

दुपारी बाराला पोरं झोपायला घरी गेली. चारला परत येणार होती. भाऊ उभ्या उभ्या पेंगत होते. मी म्हटलं, तुम्ही पडा जरा, मी बघते.

त्यांनी चिमटा माझ्या हातात दिला. मग सांगितलं, "दर पाच मिनिटांनी चार ढलप्या. धुराड्यातून जाळ बाहेर दिसला पाहिजे. जमेल ना?"

मला ते जरा लागलंच. "भाऊ, चाळीस वर्षं चूल, शेगडी, स्टोव्ह, सगळं केलंय मी."

ते शेडमधल्या खाटेवर जाऊन पडले आणि पडल्या पडल्या घोरायला लागले.

पहिला अर्धा तास मी सांगितल्यासारखं केलं. पण धुराड्यातून हातभर जाळ आभाळात चाललेला बघून माझा जीव तुटायला लागला. माझ्या सासूबाई म्हणायच्या, चुलीबाहेर गेलेला जाळ म्हणजे घराबाहेर गेलेलं धान्य. आमच्या घरी सरपण डोंगरातून डोक्यावर यायचं. भात शिजत आला की लाकूड मागं ओढायचं, विझवून ठेवायचं, संध्याकाळी तेच लावायचं. हात आपोआप चालतात हो. आणि लाकडाची रास तर डोळ्यांदेखत खाली चाललेली. मी दोन जळती लाकडं चिमट्यानं मागं ओढली, राखेत दाबली. खालच्या हवेच्या भोकावर वीट अर्धी सारून ठेवली. पाचाऐवजी दहा मिनिटांनी ढलप्या घालायला लागले. आग कशी शांत झाली, निखारा कसा लालबुंद, एकसारखा. पुरणपोळीला लागतो तसा. मला अगदी बरं वाटलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा वाटलं की या देशात माझ्या हाताला अर्थ आहे.

तीनला भाऊ बाहेर आले. आधी धुराड्याकडं पाहिलं. मग राशीकडं. मग भोकाशी जाऊन बराच वेळ आत बघत उभे राहिले.

"ताई," ते म्हणाले, "लाकूड बरंच वाचवलंत."

"मग? दोन ओळी शिल्लक आहेत बघा," मी म्हटलं.

ते खाली वाकले. वीट काढली, अंगातला कोट काढून फेकला आणि स्वतः लाकूड घालायला बसले. चारला पोरं आली, पण चिमटा त्यांनी कुणाच्या हातात दिला नाही. मी विचारलं, काय दिसतंय? तर म्हणाले, "तिसरा उभा आहे अजून." मी म्हटलं, वाकेल हो. ते म्हणाले, "वाकेल." दिवेलागणीला अग्निशामक प्रमुखाची गाडी आली, आणि आम्ही भट्टीचं तोंड विटांनी बंद केलं. वरून चिखल मी लिंपला. तो मात्र कुणी लिंपला नसता इतका चांगला. मला आपलं वाटत होतं, भाऊ थकलेत म्हणून गप्प आहेत.

बुधवारी माझं विमान. पासपोर्टवरच्या शिक्क्याची तारीख संपत होती, एक दिवस पुढं सरकत नव्हती. मंगळवारी मी टेकडीवर गेले आणि म्हटलं, भाऊ, एक वीट काढा. एवढी फट करा, मी डोळा लावून बघते आणि जाते.

"जितके दिवस पेटली त्याच्यापेक्षा जास्त दिवस निवू द्यायची असते," ते म्हणाले. "गार वारा शिरला की आतलं सगळं तडकेल."

मी म्हटलं, तोकोनामेच्या लोकांना कुणी सहा महिन्यांचा शिक्का मारत नव्हतं. हसले, पण वीट काढली नाही. पाच महिने राबले आणि जाताना हातात एक वाटीसुद्धा नाही. मला फार वाईट वाटलं. पिकअपमधून घरी येताना मी त्यांच्याशी बोलले नाही, आणि नीट निरोपही घेतला नाही. तो माझा हट्टी स्वभाव.

पुढच्या रविवारी संध्याकाळी कराडला फोन वाजला. तिकडं सकाळ होती. "ताई, खुर्ची घेऊन बसा," ते म्हणाले. "भट्टी उघडतोय." त्यांचा बिनतारी फोन टेकडीपर्यंत पोचत नव्हता, म्हणून ते एकेक भांडं आणून मागच्या ओट्यावर ठेवत होते आणि मला सांगत होते. मला त्यांची पावलं ऐकू यायची, जाताना रिकामी, येताना जड. वाटी, तांबडी, एका अंगाला काळसर. बुधला, मान थोडी वाकडी, पण डौलदार. असं तासभर. शेवटी म्हणाले, "आता रांजण." मग बराच वेळ काही नाही. नुसता वारा.

"आलाय, ताई," ते म्हणाले.

आणि मग त्यांनी तो रांजण मला सांगितला. खांद्यावर राख कशी जमली, कशी वितळली, एक ओघळ डावीकडून निघून पोटापर्यंत आलाय, दुसरा तुमच्या मुरडीखालून निघून अर्ध्यावर थांबलाय. हिरवा कसा, तर शेवाळलेल्या विहिरीत वरून ऊन पडतं तसा. मी खुर्चीत बसून रडले. ते म्हणाले, "शेवटच्या दिवसाचे तीन तास तुम्ही सांभाळलेत." तेवढ्यात कॉलिंग कार्ड संपलं.

चार वर्षं मी तो रांजण अख्ख्या कराडला सांगितला. भिशीच्या बायका तर वैतागल्या. मी आले की म्हणायच्या, आल्या जपानच्या कुंभारीणबाई. भाऊ तोवर फ्रीमाँटला लेकीकडं गेले होते. दिवाळीला फोन व्हायचा. मी विचारायचे, रांजण कुठं ठेवलाय? ते म्हणायचे, खिडकीपाशी, सकाळचं ऊन लागतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात मी पुन्हा मुलाकडं गेले. त्याला तिथंच कायमची नोकरी लागली होती. मी म्हटलं, मला टेकडीवर ने. तो टाळाटाळ करत होता. आज काम आहे, उद्या सर्व्हिसिंगला गाडी द्यायची आहे. शेवटी मी चालत निघाले तेव्हा न्यायला तयार झाला. नवी मालकीण, एक तरुण अमेरिकन बाई, मोठ्या प्रेमानं बाहेर आली. भट्टी राहिली नव्हती. विटांचा भाजीचा वाफा केला होता. आणि मागच्या पायरीशी, छपराची पागोळी पडते तिथं, रांजण उभा होता.

मुरड माझी. आईला पोराचा कान ओळखायला वेळ लागतो का? मी जवळ गेले. खांद्यावर हात फिरवला. राख होती, पण कोरडी, करडी, परातीत वाळून बसलेल्या पिठासारखी. हिरवं काही नव्हतं. ओघळ नव्हता. तिसरा सुळका वाकला नव्हता, हे त्यांनीच शिकवल्यामुळं मला तिथल्या तिथं वाचता आलं.

मुलगा मागं उभा होता. म्हणाला, "आई, मी आणि काकांनीच उचलून इथं ठेवला होता. त्यांनी शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही." मी विचारलं, काय झालं होतं म्हणाले? तो म्हणाला, "दुपारी जाळ पडला, एवढंच बोलले." दुपारी भट्टीपाशी कोण होतं, ते मला कुणी सांगायला नको होतं.

दोन दिवस मला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी फ्रीमाँटला फोन लावला. भाऊ खुशीत होते. टाउनहाउसवाल्यांच्या असोसिएशननं बाल्कनीत मातीची बादली ठेवल्याबद्दल पत्र पाठवलंय, फोडणी दिली तरी धुराचा भोंगा वाजतो, नातू म्हणतो आजोबा, यू आर ग्राउंडेड, म्हणजे शिक्षा म्हणून घरातच बसायचं. मी ते सगळं होऊ दिलं. मग म्हटलं, "भाऊ, मी परवा टेकडीवर जाऊन आले."

त्यांनी नातवाला बाहेर जायला सांगितलेलं मला ऐकू आलं.

"पोरानं सांगितलं वाटतं," मग म्हणाले.

"माझी मुरड मला ओळखू येत नाही होय?" मी म्हटलं, आणि मग चार वर्षं जे ठाऊकच नव्हतं ते एका दमात बोलून टाकलं. लाकडं मागं ओढली, वीट सारली, बारा वर्षांचं तुमचं मी तीन तासांत घालवलं.

"ताई, चूक माझी आहे," ते म्हणाले. "जाळ किती ठेवायचा ते मी सांगितलं. का ठेवायचा ते सांगितलं नाही. चूल जपणाऱ्या बाईला का ते सांगायला हवं होतं." मग आवाज अगदी सहज ठेवून विचारलं, "काय करतात हो ती माणसं त्याचं? छत्र्या ठेवतात?"

"पागोळीखाली ठेवलाय. पावसाचं पाणी धरतात. हिवाळ्यात ती बाई रिकामा करून आत नेते म्हणाली."

"पाणी?"

"काठोकाठ भरला होता."

"पाझरत असेल."

"नाही भाऊ. मी वाकून बुडाशी हात लावला. खालची फरशी कोरडी होती. त्याची माती पक्की भाजलीय."

"मी त्यात कधी पाणी घालूनच पाहिलं नाही," ते म्हणाले. "राख वितळली नाही आणि मी तोंड फिरवलं." मग म्हणाले, "सांगा बरं, ताई. कसा दिसतो ते सांगा."

"तुम्ही पाहिलाय की."

"मी रागानं पाहिला होता. तुम्ही सांगा. वरून सुरू करा."

मी खुर्ची ओढून बसले. म्हटलं, रंग आधी सांगते. पावसात भिजलेल्या म्हशीच्या पाठीसारखा, आणि ऊन पडलं की तिच्यात तांबडं चमकतं. ते हं म्हणाले. म्हटलं, खांद्यावर राख आहे, पण... तर लगेच, "पण नको. आहे ते सांगा." मी सांगत गेले. मुरडीच्या खोबणीत माती जमून एक बारीक हिरवं गवत उगवलंय, पोटाच्या एका अंगाला जाळानं काळी सावली टाकलीय, पाण्यात आभाळ दिसतं. प्रत्येक गोष्टीनंतर ते विचारत होते, आणि? सूनबाईनं जेवायला तीनदा हाक मारली. मी हातानंच थांब म्हणून खूण केली. अजून बूड सांगायचं राहिलं होतं.